जुना १० इंची नेटबुक, १ जीबी रॅम – कुठली ओएस टाकू?

नौपाडाकर:
माळा साफ करताना २००९ चा नेटबुक सापडला. अ‍ॅटम एन२७०, १ जीबी रॅम, १६० ची हार्ड डिस्क, स्क्रीन १०२४ बाय ६००. मूळ एक्सपी होती पण मागे एकदा स्टेशनजवळच्या एका रिपेअरवाल्याने "एक्सपी बंद झाली काका, विंडोज १० मारून देतो" म्हणून ८०० रुपये घेऊन १० टाकली आणि तेव्हापासून चालू केला की चहा होतो, तो पिऊनही होतो, तरी हार्ड डिस्कचा लाईट लुकलुकतच असतो. म्हणून माळ्यावर गेला होता.
मला फार काही नको. रोज ठाण्याला ९-१० नंबर प्लॅटफॉर्मवरून वाशी लोकल पकडतो, बसायला मिळालं तर अर्धा तास लिहायचंय मराठीत. सोसायटीचा हिशोब एक्सेलसारख्या कशात तरी, आणि मेल बघणे. मोबाईलवर मोठं लिहिवत नाही आणि ऑफिसचा लॅपटॉप मांडीवर घेतला तर शेजारचा आधी त्याकडे बघतो मग माझ्याकडे. लिनक्स कधी वापरलं नाहीये. कुठलं घेऊ?

घोडबंदरचा_घोडा:
क्रोम ओएस फ्लेक्स टाका, फुकट आहे, विषय संपला. नाहीतर सरळ भंगारात द्या राव, १६ वर्षं झाली त्याला.

पेनड्राईव्हवाली:
@घोडा, फ्लेक्सला ६४ बिट प्रोसेसर आणि ४ जीबी रॅम लागते, त्यांचा एन२७० प्रोसेसर जुन्या पद्धतीचा, फक्त ३२ बिट आहे. चालणारच नाही.
नौपाडाकर, तुमचा अर्धा निर्णय इथेच लागतो, कारण ३२ बिटवाल्यांना आता दारं बंद होत चाललीत. उबुंटू लिनक्सने कधीच सोडलं, विंडोज ११ तर ३२ बिटमध्ये आलीच नाही, आणि डेबियन लिनक्सचं १३ आलं ऑगस्ट २०२५ मध्ये त्यात ३२ बिटचा इन्स्टॉलरच काढून टाकला. म्हणजे तुम्ही डेबियन १२ किंवा त्याच्यावर बांधलेलं काहीतरी घ्यायचं. मी अँटीएक्स २३ सांगेन. ग्रीसमधला एक माणूस मुख्यतः ते सांभाळतो, मुद्दाम जुन्या मशीनसाठीच बनवलेलं आहे. माझ्याकडे अशाच एका मशीनवर डेस्कटॉप आल्यावर दोनशे एमबीच्या आतबाहेर रॅम जाते, बाकी सगळी तुमची. दिसायला साधं आहे, पहिल्या दिवशी थोडं रडू येईल.
पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवते नाहीतर नंतर मला शिव्या घालाल: ओएस कितीही हलकी घ्या, ब्राउझर हलका होत नाही. खरी रॅम तोच खातो. क्रोमने ३२ बिट लिनक्स २०१६ लाच सोडलं, फायरफॉक्सनेही १४४ नंतर सोडलं, आता जुनी ईएसआर (जास्त काळ अपडेट मिळणारी आवृत्ती) आहे तोवर आहे. एका वेळी एक टॅब, दुसरी उघडलीत की पहिली गुदमरली समजा. यूट्यूब विसरा. मेलसाठी ब्राउझरच उघडू नका, क्लॉज मेल टाका, ते कधीच अडत नाही.
आणि पैसे घालायचेच तर एसएसडीवर (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) घाला. रॅम फार तर २ जीबी होते त्या चिपसेटवर, चार टाकून उपयोग नाही.

ऐरोलीकर_२:
वरच्याशी सहमत, फक्त पपी लिनक्सचं नाव कोणी घेतलं नाही म्हणून घेतो. ते सगळं रॅममध्येच चढतं त्यामुळे हार्ड डिस्क मेलेली असली तरी चालतं, पण ते सेव्ह फाईलचं (आपलं काम वेगळ्या फाईलमध्ये जपून ठेवायचं) प्रकरण नवीन माणसाला डोक्यावरून जातं. रोज लिहायचं असेल तर अँटीएक्सच.
नशीब तुमचं की ग्राफिक्स चिप जीएमए ९५० आहे, लिनक्सवर गुमान चालतं. माझ्याकडे त्याच काळातला जीएमए ५०० वाला होता, त्याच्यावर दोन रविवार घालवले आणि शेवटी पोराला खेळायला दिला.
स्क्रीन ६०० उंचीची आहे ना, तर काही खिडक्यांचं ओके बटण खाली स्क्रीनच्या बाहेर जाणार. अल्ट दाबून माऊसने खिडकी धरायची आणि वर ओढायची, हे आत्ताच लक्षात ठेवा.
आधी पेनड्राईव्हवरून लाईव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करताच, चालवून बघा. वाय-फाय पकडलं, आवाज आला, की मगच इन्स्टॉल.

नेरूळ_पूर्व:
इथेच विचारते, वेगळा धागा नको. माझ्याकडे की-बोर्ड सुटा होणारा टॅबलेट आहे, झेड३७३५एफ, २ जीबी, ३२ जीबी स्टोरेज. प्रोसेसर ६४ बिट दाखवतो पण ६४ बिटचा पेनड्राईव्ह त्याला दिसतच नाही, वेड लागायची पाळी.

पेनड्राईव्हवाली:
@नेरूळ, प्रोसेसर ६४ बिट पण यूईएफआय (मशीन चालू करणारं आतलं सॉफ्टवेअर) ३२ बिट, त्या पिढीची ही खोडच आहे. पेनड्राईव्हवर ३२ बिटचा बूटलोडर (ओएस सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम) पण असलेली इमेज लागते. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये दोन्ही असतात, तो घ्या. टच आणि आवाज लगेच चालेल असं धरून चालू नका.

नौपाडाकर:
चार दिवसांनी आलोय. अँटीएक्स टाकलं, आधी लाईव्ह, मग खरं. चालू होऊन लिहायला सुरुवात करेपर्यंत दीड मिनिट, तेही जुन्याच हार्ड डिस्कवर. मराठीसाठी कीबोर्डमध्ये इंडियन निवडला तर थेट इनस्क्रिप्ट (मराठी कळांची प्रमाणित मांडणी) आलं, मला तेच येतं त्यामुळे काम झालं. अल्टवाली युक्ती पहिल्याच तासात तीनदा लागली, धन्यवाद.
घोळ एकच. बाबा सेक्रेटरी होते तेव्हाची इतिवृत्तं सगळी वर्ड फाईलमध्ये आहेत, लिब्रेऑफिसमध्ये उघडली तर मराठीच्या जागी नुसती डोक्यावर टिंब-टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं. फाईली गेल्या का?

ऐरोलीकर_२:
गेल्या नाहीत. ते युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणारी पद्धत) आधीचे फॉन्ट, त्यात 'क' च्या जागी भलतंच अक्षर साठवलेलं असतं, फॉन्ट नसला की ते उघडं पडतं. तोच फॉन्ट हवा. जुन्या विंडोजचा फोल्डर कुठे शिल्लक आहे का?

नौपाडाकर:
मी पुसायच्या आधी सगळी डिस्क बाहेरच्या ड्राईव्हवर घेतली होती. त्यात विंडोज डॉट ओल्ड नावाचा फोल्डर आहे, म्हणजे त्या ८०० रुपयेवाल्याने फॉरमॅट न मारताच वर १० चढवली होती!

ऐरोलीकर_२:
त्याच्या आळशीपणाला नमस्कार करा. त्या फोल्डरमध्ये विंडोज, त्यात फॉन्ट्स. हवे ते टीटीएफ (फॉन्टच्या फाईली) उचलून अँटीएक्समधल्या तुमच्या होम फोल्डरमध्ये डॉट फॉन्ट्स नावाचा फोल्डर करून त्यात टाका आणि लिब्रेऑफिस बंद करून परत उघडा.

नौपाडाकर:
उघडल्या. २००९ च्या सभेचं इतिवृत्त समोर आहे, विषय क्रमांक ४ गच्चीची गळती, "पुढील सभेत विचार करण्यात येईल". आता बॅटरी. २० मिनिटं टिकते, मी रबाळ्याला पोचतो आणि स्क्रीन काळी.

पेनड्राईव्हवाली:
बॅटरी ओएसने सुधारत नाही हो. ब्राइटनेस कमी करा, वाय-फाय बंद ठेवा आणि दर पाच मिनिटांनी आपोआप सेव्हवर ठेवा.