मदत हवी आहे: १८० जण, एकच मेस आणि आरपार दिसणारं वरण (नाशिक)

नमस्कार मंडळी,

मी नाशिकला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मूळचा धुळ्याकडचा. कॉलेजचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना ओळखू येईल त्यांनी कृपया इथे लिहू नये.

कॅम्पस लहान आणि शहराबाहेर. एका बाजूला द्राक्षबागा, दुसऱ्या बाजूला रस्ता, रस्त्यावर एकच टपरी. चहा, वडापाव आणि मूड असेल तर भुर्जी. हॉस्टेलला मुलंमुली मिळून १८० जण आणि जेवायला एकच मेस. महिन्याचे ३२०० रुपये हॉस्टेलच्या फीबरोबरच भरून घेतात. दोन वेळचं जेवण, रविवारी रात्री बंद. म्हणजे महिन्याला ५६ जेवणं, एका ताटाला साधारण ५७ रुपये पडतात. खाडा धरत नाहीत. आठवडाभर घरी जाऊन आलो तरी पैसे तेवढेच. कॉलेज रोडला जाऊन जेवायचं तर अख्खी संध्याकाळ जाते आणि गेट साडेसातला बंद.

आता जेवण. वरणात वाटीचा तळ दिसतो. बटाटा सकाळी रश्श्यात असतो, रात्री कोरडा होऊन येतो. पोळी गरम असताना बरी, दहा मिनिटांनी तिचं चामडं होतं. सकाळचा भात रात्री फोडणी घालून परत. ज्या तालुक्यांतून मुंबईला भाजी जाते त्याच तालुक्यांच्या मधोमध बसून आम्ही आठवड्यात चार दिवस बटाटा खातो. रविवारी सकाळची मिसळ मात्र झकास असते, हे प्रामाणिकपणे सांगतो. आचारी नाशिकचाच आहे, त्यामुळे मिसळ बिघडवणं त्याच्या हातून होत नसावं.

यंदा मला मेस कमिटीत घातलंय (कोणीच तयार नव्हतं). पुढच्या शुक्रवारी प्राचार्य आणि कंत्राटदारासोबत मीटिंग आहे. गेल्या वर्षीची कमिटी 'जेवण चांगलं नाही' एवढंच बोलली. दोन दिवस पनीर आलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा बटाटा. मला काय बोलायचं ते कळत नाहीये. ज्यांनी मेस चालवली आहे, किंवा मेसशी भांडले आहेत, त्यांनी सांगा.

– खान्देशी पोरगा

पेठरोडकर: आमच्या वेळी मेसला शिव्या देत देतच इंजिनिअर झालो. बाकी पंचवटीच्या मार्केट यार्डात संध्याकाळी चक्कर मारून कोबी, फ्लॉवर, टोमॅटोचे भाव लिहून आण. कंत्राटदार 'भाजी महाग आहे' म्हणाला की कागद पुढे कर.

जुना खानावळवाला: बाळा, मी सातपूरला बावीस वर्षं खानावळ चालवली. मीटिंगमध्ये चवीचं नावच काढू नकोस. चव म्हटलं की तो म्हणणार, 'सगळ्यांची आवड कशी सांभाळू?' आणि तिथेच विषय संपतो. मोजता येईल ते माग.

सगळ्यात आधी डाळ. भिजवायच्या आधी कोरडी डाळ किती घेतात ते बघ. माणशी एका वेळेला ३० ते ३५ ग्रॅम असेल तर वरण वाटीत उभं राहतं. १८० जणांना साडेपाच-सहा किलो लागते. डाळीत खायचा सोडा पडतो का तेही बघ. गॅस वाचतो म्हणून टाकतात. त्याने डाळीतलं बी-१ जीवनसत्त्व जातं.

दुसरं, कॉलेजचा करार बघायला माग. ५७ रुपये सगळे त्याच्या हातात पडतात असं समजू नकोस. बऱ्याच ठिकाणी जागेचं भाडं, वीज, वर आणखी काही कापून घेतात. सगळ्यांच्या फीचे पैसे आधीच जमा आहेत, पोरं कुठे जाऊ शकत नाहीत, मग त्याने डाळ वाढवावी तरी कशासाठी? माझ्याकडे गिऱ्हाईक रागावलं की समोरच्या खानावळीत जायचं. त्या भीतीनेच माझं वरण घट्ट राहिलं.

फोडणी: त्या भाताचं गमतीत घेऊ नका. शिजवलेल्या भातात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू जिवंत राहतात. भात तासन् तास बाहेर राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. फोडणी देऊन, गरम करून ते विष जात नाही. उलट्या होतात त्या यानेच. उरलेला भात दोनेक तासांच्या आत फ्रीजमध्ये गेला पाहिजे, ५ अंशांच्या खाली. फ्रीज नसेल तर फोडणीचा भात बंद, यावर तडजोड नको.

तळणाचं तेलही विचारा. टोटल पोलर कंपाउंड्स (तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात वाढत जाणारे खराब घटक) २५ टक्क्यांवर गेलेलं तेल वापरू नये असा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम जुलै २०१८ पासून आहे. तुम्हाला ते मोजता येणार नाही, पण काळं, फेसाळ, चिकट तेल डोळ्यांना दिसतं. आणि भिंतीवर त्यांचाच १४ आकडी परवाना क्रमांक लावलाय का बघा. तो दिसेल असा लावावा लागतो.

माजी रेक्टर: दुसऱ्या बाजूने सांगतो. आमच्याकडे मुलांनी ताटं उलटी करून आंदोलन केलं. कंत्राटदार गेला, नवा आला, दर चारशे रुपयांनी वाढला आणि वरण तसंच राहिलं. मीटिंगला जाताना अर्ज लेखी द्या, दोन प्रती, एकीवर पोच घ्या. मुलींच्या हॉस्टेलमधली एक जण कमिटीत हवीच. त्यांच्याकडे पोळ्या दोनवर थांबवतात आणि त्या बोलत नाहीत, हे मी बघितलंय.

चुलीपुढची: मीटिंग होईल तेव्हा होईल, तोवर पोटाचं बघ रे. दिवसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. साठ किलोच्या पोराला पन्नासेक ग्रॅम. मूठभर शेंगदाण्यांत सातेक ग्रॅम, एका अंड्यात सहा. खोलीत फुटाणे-शेंगदाण्यांचा डबा ठेव. मोड काढायला शेगडी लागत नाही, ओलं फडकं पुरतं. घरून कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ आणू नकोस, भाकरी कोण थापणार तिथे!

खान्देशी पोरगा: सगळ्यांचे आभार. काकू, पीठ आणलंय आधीच. ट्रंकेत पडून आहे :)

काल मित्राच्या आजीचा ताणकाटा घेऊन सकाळी सहाला मेसमध्ये गेलो. आचारी हसला, पण मोजू दिलं. सोडा नव्हता, परवान्याचा क्रमांक आहे (कॅलेंडरच्या मागे). तूरडाळ सव्वातीन किलो. १८० ने भागलं तर माणशी १८ ग्रॅम. मी मनात भाषण तयार करत होतो, तेवढ्यात आचारी म्हणाला, "दुपारी मोज किती येतात ते."

दारात वही घेऊन बसलो. ११२ आले. म्हणजे डाळ माणशी २९ ग्रॅम झाली, काका म्हणतात त्याच्या जवळपास. वरण पातळ होतं ते वेगळ्या कारणाने. ११२ जणांची डाळ १८० वाट्यांच्या हिशेबाने वाढवली होती. 'कमी पडलं तर पोरं ओरडतात' म्हणून पाणी. आणि भात १८० जणांचा शिजला होता, तोच रात्री परत येतो.

उरलेले ६८ जण खोलीत मॅगी खात होते. पैसे भरून.

आता प्रश्न बदललाय. कंत्राटदार बुडणार नाही असा खाडा कसा मागायचा?

जुना खानावळवाला: बघ, काट्याने काम केलं. असं लिही: सलग सहा जेवणं किंवा जास्त नसशील तरच खाडा, आदल्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत वहीत नोंद, आणि पूर्ण पैसे परत मागू नकोस. माल आणि गॅसचाच भाग माग, पगार-भाडं त्याला द्यावंच लागतं. आमच्याकडे निम्म्याच्या थोडे वर परत द्यायचो. नोंद आधी मिळाली की तो भात कमी शिजवेल, आणि शिळा भात आपोआप कमी होईल. सही नसलेली वही चालू देऊ नकोस, दुसऱ्याच आठवड्यात ती हरवते.

माजी रेक्टर: पैसे परत देण्याला अकाउंट्सवाले विरोध करतील. पुढच्या महिन्याच्या फीत वळते करा म्हणावं.

खान्देशी पोरगा: हे लिहून घेतलं. मुलींच्या हॉस्टेलमधून एक जण यायला तयार झाली आहे, ती पोळ्यांचं बोलणार. मी डाळ, भात आणि खाडा. काटा शुक्रवारपर्यंत माझ्याकडेच आहे, आजी रोज फोन करून विचारतात की भाजीवाल्याला कशी पकडू मी आता.