सर्व्हर मुंबईत आणला तरी मराठी साइट हळू का?

रविवारच्या गप्पांत ‘होस्टिंग अमेरिकेतून मुंबईत हलवा, निम्मं दुखणं जातं’ असं जे ठरलं, ते पटतं. इथून अमेरिकेतल्या व्हर्जिनियातल्या सर्व्हरपर्यंत विनंती जाऊन उत्तर यायलाच सुमारे 200 मिलिसेकंद लागतात, आणि नवीन एचटीटीपीएस (म्हणजे सुरक्षित) जोडणीत पहिला बाइट हाती येईपर्यंत अशा तीन फेऱ्या सहज होतात. पण मराठी साइटींचं एक वेगळं दुखणं आहे, त्यावर कुणीच बोललं नाही: फॉन्ट. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टात शेकडो आकार असतात. एका वजनाची, म्हणजे अक्षरांच्या एका जाडीची टीटीएफ (साधी फॉन्ट) फाइल 200 केबीच्या घरात जाते, आणि थीमवाले हौसेनं चार-पाच वजनं लावून ठेवतात. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब उघडून फॉन्टची गाळणी लावा, लगेच दिसेल.

मी आता सरसकट वूफ-टू (वेबसाठी दाबून लहान केलेली फॉन्ट फाइल) वापरतो, रेग्युलर आणि बोल्ड एवढीच दोन वजनं, शिवाय फॉन्ट-डिस्प्ले स्वॅप, म्हणजे फॉन्ट येईपर्यंत वाचक कोऱ्या पानाकडे बघत बसत नाही. फाइल लहान करायला फॉन्टातले नको ते आकार छाटताना मात्र जपून. काही टूल्स जोडाक्षरांचे नियमच उडवतात, मग ‘क्ष’चा ‘क्‌ष’ होतो. युनिकोड-रेंजमध्ये (फॉन्ट कोणत्या अक्षरांना लावायचा त्या यादीत) झीरो विड्थ जॉइनर, म्हणजे अक्षरं जोडणारं न दिसणारं चिन्ह, घ्यायला विसरू नका. ते नसेल तर ‘दुसऱ्या’सारखे शब्द काही कीबोर्डांवरून टाइप केलेल्या मजकुरात मध्येच तुटतात, आणि संपादक मंडळी सर्व्हरवाल्याला फोन करतात!