नैराश्याची गोळी सुरू केल्यावर आईचे सोडियम १२४: मीठ वाढवावे का?

प्रश्न:
माझी आई ७४ वर्षांची आहे. वडील गेल्यानंतर तिला नैराश्यासाठी एसिटालोप्रॅम सुरू झाली. तिसऱ्या आठवड्यापासून ती सतत पेंगते, चालताना तोल जातो, आणि काल दिवा लावून झाल्यावरही ती पुन्हा वाती वळायला बसली. आम्ही ते दुःखाचे आणि वयाचे समजत होतो, पण तपासणीत सोडियम १२४ आले. रक्तदाबासाठी तिला टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइडची एकत्रित गोळी पूर्वीपासून आहे. जेवणात मीठ वाढवले तर चालेल का?

उत्तर १:
कृपया रिपोर्ट आजच डॉक्टरांना दाखवा. फिट आली किंवा शुद्ध हरपू लागली तर थेट रुग्णालय गाठा. सोडियम साधारण १३५ ते १४५ असते, आणि १२४ ला गोंधळलेपणा असेल तर ते घरी सांभाळण्यासारखे नाही. येथे सहसा मीठ कमी पडलेले नसते: एसिटालोप्रॅमच्या गटातील औषधांमुळे शरीरात पाणी धरून ठेवणारे संप्रेरक गरज नसताना स्रवत राहते, मूत्रपिंडे जादा पाणी बाहेर टाकत नाहीत आणि रक्तातील सोडियम विरळ होते. त्यात रक्तदाबाच्या गोळीतील थायझाइड (हायड्रोक्लोरोथायझाइड) लघवीवाटे सोडियम घालवते. अशक्तपणा आला म्हणून आपण प्रेमाने पेज, सरबत, नारळपाणी देत राहतो, आणि अशा रुग्णात तेच नडते.

उत्तर २:
पहिल्या दोन-चार आठवड्यांतच हे बहुधा उद्भवते. वृद्ध, विशेषतः सडपातळ स्त्रियांना धोका अधिक. गोळी बंद करायची की बदलायची, हे फिजिशियन आणि मानसोपचारतज्ज्ञ या दोघांनी मिळून ठरवावे, कारण एकाची चिठ्ठी दुसऱ्याने पाहिलेलीच नसते. नैराश्य मात्र उपचाराविना सोडू नका. मिर्टाझापिनसारख्या औषधात हा धोका तुलनेने कमी आहे.

प्रश्नकर्ती:
आईला दाखल केले आहे. दोन्ही गोळ्या थांबवल्या असून पाणी मोजून देतात. सोडियम आज १२९ आहे. ते झटपट का वाढवत नाहीत?

उत्तर १:
चोवीस तासांत ते आठ-दहापेक्षा जास्त वाढले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, म्हणून डॉक्टर मुद्दाम सावकाश जात आहेत. नवे औषध सुरू झाल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत सोडियम पुन्हा तपासण्याचे त्यांच्याकडून आताच लिहून घ्या.