मदत हवी आहे: एलएलएम डिझर्टेशन, आयसीसीपीआर कलम ११ आणि दिवाणी दरखास्ती

नमस्कार मंडळी, बडोद्यात एलएलएम करतेय, ग्रुप आंतरराष्ट्रीय मानवाधिकार कायदा. महिनाअखेर डिझर्टेशनचा विषय द्यायचाय आणि घरी-कॉलेजात दोन्हीकडून नन्नाचा पाढा चाललाय.

वर्गात निम्म्यांनी निर्वासित घेतलेत (भारत १९५१ च्या करारात नाहीच, म्हणजे टीका करायला मोकळं रान), बाकीचे एआयवर. मला हवंय आयसीसीपीआरचं (नागरी आणि राजकीय हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार) कलम ११, करारातून आलेलं देणं फेडायची ऐपत नाही एवढ्याच कारणावरून कुणाला तुरुंगात टाकायचं नाही, बस, एका वाक्याचं कलम. भारत १९७९ ला सामील झाला तेव्हा कलम ९ आणि १३ वर आपण आपली अट घालून ठेवली, ११ वर काहीच नाही. आणि इकडे सीपीसीत (दिवाणी प्रक्रिया संहिता) कलम ५१ आहेच, डिक्रीचे (कोर्टाच्या हुकूमनाम्याचे) पैसे दिले नाहीत तर अटक आणि सिव्हिल जेल, जास्तीत जास्त तीन महिने. १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीनमध्ये न्या. कृष्णा अय्यरांनी म्हटलं की नुसती ऐपत नाही म्हणून आत टाकता येणार नाही, पैसे असून टाळतोय, नियत खोटी आहे हे दिसायला हवं. मला बघायचंय की खालच्या कोर्टात हे खरंच तपासतात का.

आमचे बाबा दांडिया बाजारातले दिवाणी वकील, जन्म दरखास्तींत (हुकूमनाम्याची वसुली करून घेण्याच्या अर्जांत) गेला. त्यांचं म्हणणं, "अगं ते जिनिव्हाचं जिनिव्हात, इथे जज एवढंच विचारतो, पैसे आणलेस का." पण त्यांनीच नाव झाकून एक जुना कागद दाखवला, ऑर्डर २१ रूल ३७ च्या नोटिशीला (तुरुंगात का टाकू नये, कारण दाखवा) दिलेलं उत्तर, गुजरातीत, राहतं घर आणि एक शिलाई मशीन सोडून काही नाही, आणि त्याखाली दीड ओळीचा हुकूम, वॉरंट काढा. ऐपतीबद्दल अवाक्षर नाही. तेव्हापासून दुसरा विषय डोक्यात शिरतच नाहीये.

गाइड म्हणतात विषय लहान आहे, "जरा इंटरनॅशनल" काहीतरी घ्या. (हे ऐकून मी हंसा मेहता लायब्ररीत जाऊन बसते, १९४८ च्या मानवाधिकार जाहीरनाम्यावर काम केलेल्या बाईंच्या नावाची लायब्ररी, त्याहून इंटरनॅशनल काय हवं?)

तर विचारायचं हे की विषय टिकेल का, आणि खालच्या कोर्टाचे हुकूम मिळवायचे कसे?

प्रतिसाद (इंदूरहून):
टिकेल की! फक्त "करार बंधनकारक आहे का" या चर्चेत पानं घालवू नकोस, त्याच जॉली जॉर्ज निकालात म्हटलंय की देशात कायदा केल्याशिवाय करार थेट लागू होत नाही. तुझा रस्ता अर्थ लावण्याचा, घटनेचं कलम २१ (जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य) आणि ५१(ग) (आंतरराष्ट्रीय करारांचा आदर). विशाखा, १९९७ (कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळावरचा सुप्रीम कोर्टाचा निकाल) पण वाच, तिथे सीडॉ (स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाबाबतचा करार) असंच आणलंय. गाइडना १९९३ च्या मानवाधिकार संरक्षण कायद्यातली व्याख्या दाखव, त्यात आंतरराष्ट्रीय करारांचा उल्लेख आहे, गप्प बसतील. आणि चेक बाउन्सचं कलम १३८ यात मिसळू नकोस, ते फौजदारी, वेगळं प्रकरण.

हुकमांसाठी ई-कोर्ट्सवर (कोर्टांची सरकारी वेबसाइट) केस टाइपने शोध, जेवढे अपलोड झालेत तेवढे मिळतील. बाकी नक्कल विभागात अर्ज, तू त्रयस्थ म्हणून कारण लिहावं लागेल.

मूळ धागाकर्ती:
दादा, खूप आभार! १३८ खरंच घालणार होते, काढते. एकच राहिलं, हुकूम गुजरातीत आणि डिझर्टेशन इंग्रजीत, तर भाषांतर मीच केलेलं चालतं का? की नोटरीकडे जावं लागतं? कुणी केलं असेल तर सांगा, बाबांना विचारलं तर परत जिनिव्हा सुरू होईल.