थ्रिलरमध्ये ताण कटने येतो की कट न करण्याने?

दादरचा_प्रेक्षक
हल्लीचे थ्रिलर बघून ताण येत नाही, नुसतं दमायला होतं. नायिका पार्किंगमध्ये गाडीकडे निघाली की धडाधड : चावी, पाय, मान, सीसीटीव्ही, परत चावी. मागचा माणूस किती अंतरावर आहे हे कळायच्या आत ढोल सुरू. माझं म्हणणं सरळ आहे. कात्री जितकी जास्त चालते, म्हणजे एका शॉटवरून दुसऱ्यावर उडी मारणारे कट जितके जास्त, तितका ताण कमी होतो.

लगेच कोणीतरी 'सायको'चं (१९६०) नाव काढेल. शॉवरमधल्या प्रसंगाचे ७८ कॅमेरा सेटअप (कॅमेऱ्याच्या मांडण्या) आणि ५२ कट बऱ्याच जणांना पाठ आहेत. पण सुरी दिसण्याआधीचं आठवा. नायिका मॅरियनची शॉवरच्या पडद्याकडे पाठ आहे, पडद्यापलीकडे दार उघडतं, सावली जवळ येत राहते, आणि दिग्दर्शक हिचकॉक कट करत नाही. जीव तिथे टांगणीला लागतो. पुढचे कट म्हणजे नुसता स्फोट. नंतर मोटेलवाला नॉर्मन तिच्या प्रेतासकट गाडी दलदलीत ढकलतो, ती अर्धी बुडून थांबते, आणि आपणच मनात म्हणतो, बुड गं बाई एकदाची!

अंधेरी_एडिट
एडिटिंग करून पोट भरते, म्हणून लिहिते.

दादा, तुमचं दलदलीचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. तो प्रसंग नीट बघा. गाडी, नॉर्मनचा चेहरा, परत गाडी. तो धास्तावलेला चेहरा मध्ये आला नसता तर ती नुसती चिखलात रुतलेली गाडी होती. कुलेशॉव्ह या रशियन दिग्दर्शकाने शंभर वर्षांपूर्वी दाखवलंच आहे की चेहरा तोच ठेवून शेजारचा शॉट बदलला तर प्रेक्षक त्या चेहऱ्यावर वेगळा भाव वाचतो.

कट न करता हिचकॉकने 'रोप' (१९४८) केलाच होता. दहा-दहा मिनिटांपर्यंतचे शॉट. प्रयोग म्हणून भारी, पण पुढे तो स्वतः कात्रीकडे परतला की नाही?

आणि 'सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स' (१९९१) कटशिवाय करून दाखवा. (पाहिला नसेल तर हा परिच्छेद सोडा.) एकीकडे एफबीआयची फौज घराला वेढा घालते, दुसरीकडे तळघरात खुनी. बाहेर बेल दाबली जाते, आत बेल वाजते. आपण दोन्ही घरं मनात एकच करून टाकतो. तो दार उघडतो आणि दारात एकटी क्लॅरिस, एफबीआयची शिकाऊ नायिका! फौज भलत्याच घरी. ही थाप निव्वळ एडिटिंगच्या टेबलावर मारलेली आहे.

पडद्यामागचा
दोघंही कात्रीलाच देव मानून बसलात. ताण माहितीतून येतो आणि माहिती पटकथेत असते. हिचकॉकनेच फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला सांगितलं होतं : टेबलाखालचा बॉम्ब अचानक फुटला तर १५ सेकंदांचा धक्का, पण तो आहे हे प्रेक्षकाला आधी सांगितलं तर १५ मिनिटांचा ताण. आधी सांगायचं की नंतर, हे लेखक ठरवतो. लिखाण पोकळ असेल तर एडिटर काय, ब्रह्मदेवही काही करू शकणार नाही.

अंधेरी_एडिट
ब्रह्मदेवाचं माहीत नाही, आमच्याकडे मात्र अशी पोकळ फुटेजं दर सोमवारी येतात.

'अंधाधुन' (२०१८) घ्या. आंधळ्याचं सोंग घेतलेला माणूस पियानो वाजवतोय, समोर प्रेत, आणि त्याला दिसत नाही असं दाखवायचंय. त्याने पाहिलं हे आपल्याला नक्की कधी कळू द्यायचं, हा निर्णय लेखनाचा की संकलनाचा? संकलक पूजा लढा सुरती आहेत, आणि पटकथाकारांतही त्यांचं नाव आहे. आता रेघ कुठे ओढायची ते तुम्हीच सांगा.

कान_टवकारून
त्याच प्रसंगात पियानो थांबत नाही, हे कोणीच बोललं नाही? चित्र तुटत राहतं, सूर अखंड. सगळा खेळ त्या सुरावर उभा आहे. आणि 'सायको'त शॉवरला संगीत नको असं हिचकॉकचं मत होतं, संगीतकार बर्नार्ड हरमनने तरीही व्हायोलिनं लिहिली आणि ती ऐकून हिचकॉकने मत बदललं. आवाज बंद करून ते ५२ कट बघा एकदा.

विरार_फास्ट
+१ आवाजाला. बाकी तुम्ही सगळे थिएटरात बसून बोलताय. मी थ्रिलर बघतो तो लोकलमध्ये, उभ्याने, एका हाताने मोबाईल धरून. वसईला कोणी ढकललं की तो तुमचा लांबलचक शॉट गेला. प्रेक्षकाचं लक्षच तुटक असेल तर एडिटर तुटकच कापणार.

दादरचा_प्रेक्षक
विरारकर, तुमच्याच गाडीचं बोलू. फलाटावर इंडिकेटर 'दोन मिनिटं' दाखवतो आणि गाडी येत नाही, तेव्हा मोबाईलवरचं लक्ष उडून सगळ्या माना एकाच दिशेला वळतात ना? मनासारखं घडायला उशीर झाला की लक्ष आपोआप येतं. तुटक लक्षाला तुटक कट घालणं म्हणजे आजार पोसणं.

एडिटबाई, चेहऱ्याचा मुद्दा मान्य, पण तो कट मोजून टाकलेला आहे. माझं भांडण पार्किंगवाल्या खिचडीशी आहे. तो प्रसंग तुम्ही कसा कापाल?

अंधेरी_एडिट
आधी एक मोठा वाइड, म्हणजे सगळी जागा दिसेल असा लांबचा शॉट, ती आणि तिची गाडी यांच्यात किती खांब आहेत ते मोजता येईल इतका वेळ. मग तिच्यासोबत चालायचं, कट नाही. तिच्या पावलांच्या मध्ये एक जास्तीचं पाऊल ऐकू येतं. ती थांबते. इथे प्रेक्षकाला मागे वळून बघायचं असतं, म्हणून मी मागचा शॉट लगेच देणार नाही, तिचाच चेहरा धरून ठेवीन. सेकंदाला २४ फ्रेम असतात, १२ जास्त ठेवल्या तरी माणूस खुर्चीत हलतो. मागचा शॉट येतो तेव्हा तिथे कोणी नाही. तोच वाइड पुन्हा, आणि आता खांब मोजून बघा, एकाची सावली जाड झालेली. तिथून पुढे हवे तेवढे कट करा, माझी हरकत नाही.

ढोल मात्र प्रोड्यूसर मागतो. तो रफ कटलाच, म्हणजे पहिल्या कच्च्या जोडणीलाच लावून आणतात.

कान_टवकारून
ते जास्तीचं पाऊल डाव्या स्पीकरमध्ये ठेवा.

पडद्यामागचा
आणि मागे येणारा कोण, हे कोणी लिहिलंय का अजून?