पॅनमनच्या जागी ‘मेंदू’? आधी प्रोब पुसा

बॉयलरवाला:
साखर कारखान्यांच्या या चर्चेत काल कुणीतरी ठोकून दिलं: ‘पीआयडी (ठरवलेल्या आकड्यापासूनचा फरक बघून व्हॉल्व्ह हलवणारं नेहमीचं कंट्रोल) संपलं. मेंदूसारखं शिकणारं न्यूरल नेटवर्क बॉयलरचं प्रेशर आणि पॅनमधली (पाक आटवून दाणा पाडायच्या भांड्यातली) साखर आधीच ओळखून सांभाळेल. पाच हंगामांत पॅन चालवणारा पॅनमन इतिहासजमा.’ राहवलं नाही म्हणून लिहितोय.

अहो, गव्हाणीत (मिलकडे ऊस नेणाऱ्या पट्ट्यावर) ऊस खुंटला की मिल थांबते, बगॅस (बॉयलरमध्ये जाळायचा उसाचा चोथा) थांबतो, हेडरचं (वाफेच्या मुख्य पाइपचं) प्रेशर कोसळतं. बगॅसमध्ये निम्मं पाणी असतं, अवकाळी पडला की आणखी. तो ओलावा लॅबवाला अधूनमधून मोजणार. मग तुमचं मॉडेल भाकीत कशावर करणार, पंचांगावर? वर पॅनच्या ब्रिक्स प्रोबवर (पाकाचा घट्टपणा मोजणाऱ्या सेन्सरवर) साखरेचा थर चढलेला, ट्रेंडवर अख्खी शिफ्ट सरळ रेघ. निम्मे कंट्रोल लूप मॅन्युअलवर, म्हणजे ऑपरेटरच्या हाती. असल्या डेटावर नेटवर्क प्रोसेस शिकत नाही, ऑपरेटरच्या खोडी शिकतं.

लूप_मास्तर:
हेच रडगाणं एमपीसी (मॉडेलवरून पुढचं भाकीत करून चालणारं कंट्रोल) आलं तेव्हाही ऐकलंय. शेल तेलकंपनीच्या कटलर आणि रामाकर यांनी १९७९ मध्ये त्यातलंच डीएमसी मांडलं. आज रिफायनरीत त्याच्याशिवाय पान हलत नाही. पण ते स्टेप टेस्टवरचं (व्हॉल्व्ह एकदा हलवून परिणाम मोजून बांधलेलं) रेषीय मॉडेल. पॅन म्हणजे बॅच, एकेक घाणा. दाणा धरताना एक वागणं, पॅन घट्ट होताना दुसरंच. रेषीय मॉडेल तिथे आपटतं, न्यूरल नेट टिकतं. आणि मेंदूची नक्कल ही काही कालची टूम नाही. अल्बस या संशोधकाने लहान मेंदूवरून सीएमएसी नावाचा कंट्रोलर १९७५ लाच मांडला.

बॉयलरवाला:
रोबोटचा हात हलवायला मांडला. हाताला फॉल्स ग्रेन (नको असलेला बारीक दाणा) येत नाही.

पॅनमनचा_पोरगा:
माझे वडील पॅनमन होते. प्रूफ स्टिकने नमुना काढायचा, काचेवर अंगठ्याने पसरायचा, बल्बासमोर धरायचा. मोठ्या दाण्यांत बारीक धूळ चमकली की लगेच पाणी मारायचे. केमिस्ट रिपोर्ट घेऊन येईपर्यंत पॅन सावरलेला असायचा. आणि हंगाम संपला की हाच माणूस रिटेन्शनवर, म्हणजे थोड्याशा भत्त्यावर, घरी. ‘इतिहासजमा’ म्हणताना जरा जपून.

लूप_मास्तर:
वडिलांबद्दल आदर आहेच, पण ते रिटायर झाल्यावर तो अंगठा कुठून आणायचा? नवी पोरं येत नाहीत या कामाला.

पॅनमनचा_पोरगा:
पगार द्या, येतात.

ऊसवाला_पाटील:
मेंदू लावायचाच तर आधी वजनकाट्याला लावा. बाहेर तोलून नेलेला ट्रॅक्टर आमच्या कारखान्याने गेटवरच अडवला.

लूप_मास्तर:
काट्याचा इथे काय संबंध? विषय भरकटवू नका.

ऊसवाला_पाटील:
संबंध कसा नाही? २०२५-२६ ची एफआरपी (केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर) टनाला ३५५० रुपये, तीही १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला). उतारा मोजणार कारखाना, बिल काढणार कारखाना. तुमच्या मॉडेलने उतारा वाढला तर तो माझ्या बिलात दिसणार, की बी-हेवीच्या (साखर पुरती न काढता इथेनॉलला वळवलेल्या मळीच्या) नावाखाली इथेनॉलच्या टाकीत जाणार? कायद्यात पैसे चौदा दिवसांत द्यायचे आहेत. तेवढं भाकीत करून दाखवा, मग तुमच्या मेंदूला हार घालतो.

बॉयलरवाला:
पाटील, बी-हेवीचा उतारा हिशेबात धरतात.

ऊसवाला_पाटील:
धरतात म्हणे! तुम्ही पगारी माणसं, कारखान्याचीच बाजू घेणार.

बॉयलरवाला:
माझाच पगार तीन महिने थकलाय, मी कसली बाजू घेतोय! असो. लूप_मास्तर, एक सवलत देतो. पॅन कधी उतरवायचा (रिकामा करायचा) याचा अंदाज तुमच्या नेटवर्कने स्क्रीनवर दाखवावा. पॅनमन बघेल, पटलं तर ऐकेल. वाफेच्या व्हॉल्व्हला मात्र हात लावायचा नाही.

लूप_मास्तर:
मोठे उपकार झाले! सुरुवात सगळीकडे अशीच सल्ल्यापासून होते. रनिंग ब्रिक्सचा (पॅन चालू असतानाच्या ब्रिक्सचा) डेटा द्या, काम माझं.

बॉयलरवाला:
देतो. पण प्रोब धुवायला माणूस तुम्हीच पाठवा, आमच्याकडे इन्स्ट्रुमेंटला एकच पोरगा आहे आणि तोही सध्या चेअरमनच्या बंगल्यावरचा सीसीटीव्ही दुरुस्त करतोय.

ऊसवाला_पाटील:
बघा, कॅमेरा बंगल्यावर. काट्यावर नाही.