मदत हवी आहे: वाड्यातला जंबुरा (छोटी तोफ) गंजतोय, आणि सोबत एक तोफगोळा

नमस्कार मंडळी. गावच्या वाड्यात सोप्यावर एक लोखंडी जंबुरा पडून आहे, सव्वातीन फूट लांब, तोंड दीड इंचाचं. खंडेनवमीला त्याला पाण्याने आंघोळ, हळदकुंकू, मग वर्षभर कोणी ढुंकून बघत नाही. मागे काकांनी हौसेने चंदेरी ऑइलपेंट मारला, आता त्याच्याखाली गंज फुगून खपल्या निघतायत, रंजकाचं भोक (जिथे बत्ती देतात ते) तर पेंटनेच बुजलंय. गडांवर हल्ली सागवानी गाड्यावर तोफा बसवतात तसा बसवायचाय. मित्र म्हणतो ग्राइंडर मार, मारू का?

दुसरं म्हणजे त्याच्या शेजारी एक गोळा असतो, आम्ही त्यावरच नारळ फोडतो :) व्यास ४ इंच, वाण्याच्या काट्यावर २ किलो ८०० भरला. एका बाजूला अंगठ्याएवढं भोक आहे, त्यात काळं काहीतरी घट्ट बसलंय. ड्रिलने मोकळं करून शोकेसमध्ये ठेवायचा विचार आहे. कुठला बिट वापरू?

प्रतिसाद:
दादा, ड्रिल आधी खाली ठेवा! ४ इंचाचा भरीव ओतीव गोळा ४ किलोच्या आसपास भरतो. तुमचा सव्वा किलोने कमी, वर भोक, म्हणजे हा पोकळ, दारू भरलेला गोळा असणार, आणि तोंड बघता तुमच्या जंबुऱ्याचा तर नव्हेच, उखळी तोफेचा (आखूड, रुंद तोंडाची तोफ) वाटतो. काळी दारू जुनी झाली म्हणून मरत नाही. २००८ साली अमेरिकेत व्हर्जिनियात यादवी युद्धातला असाच गोळा साफ करताना एक मुरलेला संग्राहक गेला. हलवू नका, पोरांना लांब ठेवा आणि ११२ ला फोन करून बॉम्बशोधक पथक मागवा.

जंबुऱ्यातही बार (भरलेली दारू-गोळा) शिल्लक नाही ना बघा, तोंडासमोर उभं न राहता. लाकडी काठी हळूच आत घाला, ठोकू नका. रंजकाच्या भोकापर्यंतच्या बाहेरच्या मापापेक्षा बरीच आधी अडली तर त्यालाही हात लावू नका, पथकालाच दाखवा. रिकामा असेल तर ग्राइंडर नको, नक्षी-अक्षरं काही असतील तर जातील. पेंट रिमूव्हर, पितळी ब्रश, पूर्ण कोरडा करून मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्स. आणि १०० वर्षांवरच्या वस्तूला १९७२ चा पुरावशेष कायदा लागतो, परदेशी पाठवायला बंदी आहे.

धागाकर्ता:
बापरे. आईला सांगितलं तर म्हणते यंदा नारळ कशावर फोडायचा. पथकाला फोन केलाय, येतायत.